वनटेक

“परत,” काचेपलीकडून मॅडम म्हणाल्या.

माईकपुढच्या उंच स्टुलावर बसलेल्या पोरीने मान हलवली. हेडफोन तिच्या डोक्याला मोठाच होता. घसरून गळ्यात येऊ नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता.

समोरच्या पडद्यावर सिनेमा पुन्हा मागे गेला. परक्या भाषेतला, प्रेक्षकांचे रुमाल पिळून काढणारा सिनेमा; त्याचं मराठी डबिंग चाललं होतं. त्यातल्या मुलीचा बाप वारलेला असतो. एका दुपारी तिला भास होतो, की तो दाराबाहेर उभा आहे. तो म्हणतो, “झोपलीस होय गं? दार उघड बघू. मी आलोय.” आणि मुलगी धावत जात म्हणते, “आले, बाबा!”

बस्स! दोन शब्द.

आणि तेच सकाळपासून जमत नव्हते.

ही तीच पोर, जिला अख्खा स्टुडिओ ‘वनटेक’ म्हणायचा! पानभर संवाद एका दमात बोलून, वर “काका, झालं? मी जाऊ खेळायला?” असं विचारणारी. आज मात्र कधी “बाबा” आधी आणि “आले” नंतर. कधी पडद्यावरचे ओठ मिटल्यावर हिचा आवाज. कधी ऐन वेळी खोकला. मघाशी तर चक्क “आले, आई” म्हणाली.

“आईला कशाला मध्ये आणलंस गं?” रेकॉर्डिस्ट काका तिला हसवायला गेले. “आणि पडद्याकडे बघ की जरा. डोळे मिटून ओठ जुळायला तू काय जादूगार आहेस?”

कुणी हसलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचा खराखुरा बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते.

तोही याच धंद्यातला. कार्टूनमधला बेडूक तो, चेटकीण तो, सर्दी झालेला वाघही तोच. घशात अख्खं जंगल पाळलं होतं त्याने. स्टुडिओत फोन केला तरी सुरुवात “डरांव! मॅडम आहेत का?” अशीच. “मी त्याला माणसासारखं बोलताना कधी ऐकलंच नाही,” असं काका सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

मॅडम उठून बाहेर आल्या. बाकावर आत्या बसली होती, मांडीवर पोरीचा स्वेटर घेऊन. आत गर्दी नको म्हणून तिला बाहेरच बसवलं होतं.

“होत नाहीये का?” आत्याने विचारलं.

“सीनच तसा आहे हो. मीच तिला बोलवायला नको होतं.”

“छे छे, तीच मागे लागली! परवा तुमच्याकडे याच सीनची चाचणी देऊन आली ती नुसती उड्या मारत. हे काम मीच करणार, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, म्हणून हटूनच बसली.” आत्याने स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली. “नाहीतर घरी तोंडातून शब्द काढत नाही. रडत नाही की भांडत नाही. एकदा म्हटलं, चल, बाबाचा आवाज ऐकू. फोन धुंडाळला, तर काय, जिकडे तिकडे बेडूक! वाढदिवसाचा निरोप बेडकाचा. कामाला परगावी गेला, तर ‘पोचलो’ म्हणून कळवलं तेही चेटकिणीच्या आवाजात! असा आमचा दादा. एकदा तरी सरळ बोलून ठेवायचंस की रे मेल्या...”

तिने जीभ चावली.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आणखी एकदा बघते. नाहीच झालं, तर दुसरी मुलगी बघावी लागेल मला.”

आत येऊन त्या माईकवर मऊ आवाजात बोलल्या. “हे बघ राणी, आपण असं करू. ते वडिलांचं वाक्य तुझ्या हेडफोनमधून काढूनच टाकू. त्या जागी नुसती टिंग वाजेल. टिंग झालं की तू बोलायचं. सोप्पं.”

“नको!”

इतक्या जोरात, की काकांच्या यंत्रावरचा काटा थेट लाल टोकाला जाऊन आपटला.

“अगं, तुझ्यासाठीच—”

“नको ना मॅडम. ते वाक्य राहू दे. आता नाही चुकणार. शप्पथ!”

“राहू दे म्हणते तर राहू दे हो,” काका म्हणाले. “तसाही झकास बोललाय गडी. दुसऱ्या स्टुडिओतून आलाय आवाज, कुणाचा देव जाणे. नवखा असणार. नाटकीपणा औषधालाही नाही.”

“बरं. पण हा शेवटचा हं,” मॅडम म्हणाल्या. “आत्याला आत बोलावते. समोर घरचं माणूस असलं की धीर येतो.”

“शेवटचा?”

“अगदी शेवटचा.”

पोरीने हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबला.

आत्या चवड्यांवर चालत आत आली. मॅडमनी तिला एक बटण दाखवलं. ते दाबून बोललं, की पलीकडे ऐकू जायचं. आत्याने दाबलं आणि काचेकडे बोट नाचवलं. “ए वनटेक! आता चुकायचं नाही हं. सगळे खोळंबलेत तुझ्यापायी.”



आत्याला ऐकू यावं म्हणून काकांनी खोलीतला स्पीकर चालू केला. पडद्यावर बंद दार आलं. काचेपलीकडे पोरीने डोळे मिटले.

“झोपलीस होय गं?” स्पीकरमधून आवाज आला. “दार उघड बघू. मी आलोय.”

आत्याच्या हातातला स्वेटर गळून पडला.

“दादा...”

पोरीने बोलायला ओठ उघडले होते. पण त्याआधीच आत्याचा हात बटणावर पडला.

“चुक, बाळा,” ती म्हणाली. “अजून एकदा चुक.”