न्हाणीचा ढाळ

उन्हाळ्यासाठी मध्य भारत राज्याचं सचिवालय ग्वाल्हेरहून इंदूरला आलं, तेव्हा तिथल्या माझ्यासारख्या कारकुनाला पलासिया भागात राहायला फक्त एक तळघर मिळालं. आईचे पाय लुळे पडलेले. दोन वर्षं पायांना चिमटाही कळत नव्हता. म्हणून तिच्या खाटेसमोर, काँक्रीटवरच, टाइल्सची न्हाणी बांधायला घेतली.

टाइल्स बसल्यावर कन्हैयालाल मिस्त्रीने लोटाभर पाणी ओतून ढाळ तपासला. पाणी मोरीच्या भोकाकडे न जाता सरळ आईच्या खाटेखाली गेलं.

मिस्त्री ओशाळला. सगळं उखडून त्याने दुप्पट ढाळ दिला. काचेची गोटी सोडली, ती घरंगळत मोरीत पडली. मग पाणी ओतलं. ते चढ चढून खाटेखाली गेलं.

"भिया, ये अपने बस का नहीं," म्हणत तो हत्यारं गोळा करू लागला.

"एक बार और, मिस्त्रीजी. खाट सरकवून बघू," मी म्हणालो.

दोघांनी आईसकट खाट उचलून पलीकडच्या भिंतीला लावली. या वेळी लोटा मी ओतला.

पाणी खाटेच्या जुन्या जागेपर्यंत गेलं. तिथे थांबलं. मग सावकाश वळलं.

"शरद, माझे पाय वर घे रे," आई म्हणाली. "भिजतायत."

पाणी अजून चार हात लांब होतं.