जपून ठेवलेली पानं

"काका, हे आधी काढून टाका," लॅपटॉपवरची नजर न हलवता कैवल्य म्हणाला.

"का रे? लई कामाचं आहे ते," मार्तंडराव म्हणाले.

पानं जपून ठेवणारं ते एक्स्टेन्शन त्यांनी स्वतः शोधून बसवलं होतं. तुळजापुरात भूगोल शिकवण्यात सगळी हयात गेलेल्या माणसाला त्याचा कोण अभिमान. एक बटण दाबायचं, की इंटरनेटवरचं पान चित्रांसकट जाग्यावर राहतं. नेट गेलं तरी निवांत वाचत बसा.

"तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान हे वाचतं. बसवताना तुम्हीच तशी परवानगी दिलीय."

"वाचू दे की. कुठल्या मुलखात बसलेला माणूस तो. त्याला मार्तंड मास्तर म्हाईत न्हाय, का तुळजापूर म्हाईत न्हाय." मग स्वयंपाकघराकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त तुझ्या काकूला कळता कामा नये."

कळू द्यायचं नव्हतं ते फक्त पुतण्याला, कैवल्यला, ठाऊक होतं, कारण मार्तंडरावांना सोलापूरच्या डॉक्टरांकडं तोच घेऊन गेला होता. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. मीठ कमी, चढण बंद, गोळ्या वेळेवर. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंचा भाऊ छातीच्याच दुखण्यानं गेला, तेव्हा त्या वर्षभर धड जेवल्या नव्हत्या. ती दशा मार्तंडरावांना पुन्हा बघवली नसती. म्हणून गोळ्या पंचांगामागं, आणि आजाराबद्दलचं सगळं वाचन या पानांत. लॅपटॉपला प्रेमलाबाईंचा हात लागायचा तो धूळ पुसण्यापुरता.

देवीनंही साथ दिली, असं त्यांना वाटे. नेमके तेव्हाच प्रेमलाबाईंचे गुडघे धरले. मंगळवारी मंदिराच्या पायऱ्या उतरणं-चढणं थांबलं. "महाद्वारातूनच कळसाला हात जोडू," त्या म्हणाल्या. वरची खोली सोडून दोघं खाली झोपायला आले तेही गुडघ्यांपायीच. बाईंचा मिठाचा अंदाजसुद्धा गेला. यंदाच्या कुरडया पार अळणी. "वय झालं, हात हलका झाला," असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

मार्तंडरावांचा जीव तुटायचा. एवढी काटक बाई, जिना चढायची चोरी झाली तरी तोंडातून कुरकुर नाही. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. रोज संध्याकाळी ते स्वतः तिच्या गुडघ्यांना तेल चोळून देत. ती डोळे मिटून गप बसून राही.

"खातं कुणाच्या नंबरवर उघडलंय, काका?"

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या काकूच्या. गॅस, लाइटबिल, सगळं तिच्याच नंबरवर. माझा फोन माझ्याजवळ असतो कुठं? ओटीपी आला, तिनं स्वयंपाकघरातून वाचून दाखवला, मी टाकला. झालं."

कैवल्य पडद्यावर बोट फिरवत राहिला.

"तुम्ही जपलेलं प्रत्येक पान काकूच्या फोनवरपण जातं," तो हळूच म्हणाला. "आणि तिकडं ती उघडलेली दिसतायत. सगळीच्या सगळी. 'कमी मिठाचा स्वयंपाक' तर आज सकाळीसुद्धा."

मार्तंडरावांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली. आतून फोडणीचा वास येत होता.

तेवढ्यात गच्चीवर धपधप झाली. वानरं. सकाळीच कैवल्यनं कुरडयांची बाज वर नेऊन ठेवली होती. मार्तंडराव सवयीनं जिन्याकडं निघाले. पण त्यांच्या आधीच प्रेमलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कोपऱ्यातली काठी उचलली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत एका दमात गच्चीवर पोचल्या.

वरून त्यांचा आवाज आला. "तुम्ही नका चढू हो. बसा तिथंच."