जिवलगाचा आवाज

"ताई, फोनवर ऑर्डर घेणाऱ्या तुमच्या मुलीला जरा बोलावता का?" साताऱ्याहून आलेले दामोदर फाळके दुकानाच्या दारात उभे होते. "आवाज थेट आमच्या शर्वरीचा. लेक देवाघरी गेल्यापासून घर मुकं झालंय हो."

मृदुलाने हातातली बरणी खाली ठेवली. लोणची खपेनात म्हणून तिनेच आपल्या ऑनलाइन दुकानाला एक सोय जोडली होती. त्यातलं यंत्र गिऱ्हाइकाच्या फोनमधले जुने व्हिडिओ ऐकायचं आणि त्याच्याशी त्याच्या जिवलगाच्या आवाजात बोलायचं. तेव्हापासून बरण्या पुरेनाशा झाल्या होत्या.

"काका, इथे कुणी मुलगी नाही. ते यंत्र बोलतं," तिने कसंबसं सांगितलं. "चुकलं माझं. आत्ताच बंद करते."

फाळके दारातून आत आले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "त्याआधी एकदा बोलू द्या."

मृदुलाला नाही म्हणवेना.

"जेवलीस का गं?" दुकानाचा नंबर लावून त्यांनी विचारलं.

"हो बाबा." फोनमधला लाडिक आवाज मृदुलालाही ऐकू आला. "लिंबाचं लोणचं संपलं असेल ना? आणखी दोन बरण्या पाठवू?"

"पाठव, बाळा."

मृदुलाने तोंड फिरवून आपल्या संगणकावर तो आवाज बंद केला. फाळके मात्र फोन कानाला लावून तसेच उभे होते.