चमचाभर साखर

हॅम्बुर्गच्या जहाज कंपनीत सगळ्यांना मुखपट्टी लावावीच लागे. पट्टीच्या आत मराठीत बोला, बाहेर थेट जर्मन! दिसणारा चेहराही जर्मन, नावही जर्मन! परका म्हणून कुणाला डावलायची सोयच उरली नव्हती. कुणी कुणाचं गाव विचारलंच, तर पट्टी तो प्रश्न बदलून टाकायची. आराखडे काढणाऱ्या मृदुला तांडेलला दोन वर्षांत गप्पा मारायला एकही आपलं माणूस सापडलं नव्हतं.

आज शेजारच्या टेबलावरची क्लारा नोकरी सोडून चालली होती.

"हा घे तुझा केकचा डबा. किती दिवस राहिला माझ्याकडे!"

"नव्या गावात ऊन तरी असेल ना?"

"असलं तर पाठवीन हो थोडं!" क्लारा हसत निघाली.

मृदुलाने डबा उघडला. तळाशी चमचाभर साखर होती.

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मृदुलाला आईने शिकवलं होतं. पण क्लाराला कुणी?

ती खिडकीकडे धावली. क्लारा फाटकापाशी पोचली होती.

"अगं, थांब! तू कुठली गं?" मृदुला जिवाच्या आकांताने ओरडली.

"प्रवास सुखाचा होवो!" पट्टी जर्मनमध्ये म्हणाली.

क्लाराने हसून हात हलवला आणि ती फाटकाबाहेर गेली.