सौरभची सीट
सुनेला गाडी चालवता येत नाही, हे बायजाबाईंनी अख्ख्या सोसायटीला ऐकवलं होतं. आज कळंबोलीच्या सिग्नलला संघप्रियानं ती पुन्हा बंद पाडली. मागे ट्रकवाल्यांनी हॉर्नचा कालवा मांडला.

“अगं, एवढी महागाची गाडी, अन् टोकावर काय बसतेस बैलगाडी हाकल्यागत? टेकून बस की!”

“टेकलं की क्लचला पाय पुरत नाही, आई.”

“मग सीट पुढं सरकत नाही व्हय?”

“सरकते.” संघप्रिया समोरच बघत राहिली. “पण ही सौरभनं लावलेली आहे.”

मुलगा गेल्यापासून बायजाबाई रडल्या नव्हत्या. आत्ताही डोळे कोरडेच होते.

“सरकव पुढं. एक लेकरू गेलंय माझं. दुसरं ट्रकखाली घालायला बसले नाही मी इथं.”