उजवा कान

साडूने हेडफोन हातात घेतला आणि आधी फक्त उजवी वाटी कानाला लावली.

समोर बसलेला धाकटा जावई खुर्चीच्या कडेला सरकला. एकेक बाजू वेगळी तपासणारा माणूस म्हणजे पक्का कानसेन. आता सुटका नाही.

सासरी सगळे त्याला चिकटपट्टी म्हणायचे. नाव या साडूनेच पाडलेलं, म्हणजे बायकोच्या ताईच्या नवऱ्याने. चिकटपट्टीचा धंदाच तसा होता. स्वस्तातला हेडफोन आणायचा, खोलायचा, खुर्चीच्या पायाखाली लावतात त्या फेल्टची चकती कापून आत बसवायची, उशीतला कापूस भरायचा, जखमेवरची कागदी पट्टी डकवायची आणि वर म्हणायचं, ऐका, भल्याभल्या कंपन्या झक मारतील. साडू हसून हसून लोळायचा. "चिकटपट्टीराव, सायकलला पंख लावून विमान होतं का कधी?"

मागच्या रविवारी त्याच साडूने आपला भारीतला हेडफोन डब्यासकट याच्या हातात ठेवला. सगळ्यांसमोर. "घे, घरी नेऊन शांतपणे ऐक, म्हणजे तुझं भूत उतरेल. इथे नको, इथे गोंगाट आहे. धडधाकट देतोय हं, सगळे बघताय ना?"

सगळ्यांनी बघितलं. डब्याची कडी नीट लागलेली नव्हती, तेवढं मात्र कुणी बघितलं नाही.

घरी येऊन याने डबा उचलला आणि हेडफोन धाडकन फरशीवर. घाईघाईने कानाला लावला. डावीकडे गाणं, उजवीकडे स्मशानशांतता.

तोंडचं पाणी पळालं. आधी एकदा ताईचा मिक्सर दुरुस्त करायला घेऊन त्याने जाळला होता. तेव्हा बायकोने दम भरला होता, "परत माझ्या माहेरच्या वस्तूला स्क्रूड्रायव्हर लावलास, तर मी ताईला तोंड दाखवायची नाही. आणि तुला तर मुळीच नाही." बायकोला सांगायची सोय नव्हती. साडूला सांगायची हिंमत नव्हती. राहिला स्क्रूड्रायव्हर.

त्याने आपला सगळ्यात लाडका, स्वस्तातला हेडफोन फाडला. त्यातले दोन्ही छोटे स्पीकर काढून साडूच्या भारी वाट्यांमध्ये बसवले. एकच बदलला असता तर दोन कानांना दोन आवाज आले असते. पहिल्यांदा लावून बघितलं, तर गाण्यातली बाई गात नव्हती, भांडी घासत होती. मग फेल्ट. मग कापूस, थोडा जास्त, थोडा कमी. मग पट्टी. आठवडाभर कामावरून आला की तो बाथरूमला आतून कडी लावून बसायचा. बायकोला वाटलं, पोट बिघडलंय. तिने गोळ्या आणून दिल्या. त्याने त्या निमूटपणे गिळल्या.

आणि आज साडू आला होता, ताईला सोबत घेऊन. आल्या आल्या म्हणाला, "चला, सगळ्यांसमोरच तपासून घेतो."

साडूने डावी वाटी लावली. परत उजवी लावली. मग हेडफोनच उलटा घातला. पिन उपटली, फुंकर मारली, परत खोचली. कपाळाची आठी काही जाईना.

कापूस जास्त झाला, चिकटपट्टीच्या मनात आलं. नाहीतर वरचे सूर टोचत असतील. शर्ट पाठीला चिकटला होता. साडूला कळलं नाही, तर आयुष्यातली सगळ्यात मोठी पैज त्याने जिंकली होती, आणि ती मेल्यावरसुद्धा कुणाला सांगता येणार नव्हती. कळलं, तर शेजारी ताईला टाळी देऊन हसणारी बायको उद्यापासून त्याच्याशी बोलणार नव्हती. तिचं ते हसणं त्याला बघवेना.

"काय हो दाजी," बायको म्हणाली, "याने काही खुडबूड तर नाही ना केली?"

साडू हसला नाही. त्याने एक कान उघडा केला. "काय केलंस रे याला?"

"कुठे काय. ऐकला फक्त."

"खोललास?"

"छे."

"नीट आठव. पडला बिडला असेल."

"पडेल कशाला, दाजी?"

"तसं नाही, एखाद्याच्या हातून होतं. मी काय रागावणार आहे का?"

बायकोचं हसणं थांबलं. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग बाथरूमच्या दाराकडे, मग परत नवऱ्याकडे. "आठवडाभर," ती हळूच म्हणाली, "आत काय करत होतास तू?"

झालं. आता दुसऱ्याने पकडण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं, म्हणून चिकटपट्टी उठून उभा राहिला.

"दाजी, खरं सांगतो. मी..."

पण साडूचं लक्षच नव्हतं. त्याने उजवी वाटी पुन्हा कानावर दाबून धरली होती. आत बाई गळा मोकळा सोडून गात होती. ती साध्या स्पीकरमधून गातेय की भारीतल्या, सूर टोचतायत की नाही, याच्याशी साडूला काही देणंघेणं दिसत नव्हतं. त्याच्या तोंडावरचा रंग मात्र उडत चालला होता.

"अरे, पण हा उजवा वाजतोय कसा?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

ताईचा चहाचा कप अर्ध्या वाटेत थांबला. तिने सावकाश नवऱ्याकडे मान वळवली.

"का हो?" ती म्हणाली. "वाजायचा नव्हता का?"