क्रिस्टल कुठं आहे?

केतकीनं कॉलेजच्या परीक्षेसाठी जमिनीतली ओल मोजणारं यंत्र केलं होतं. यूएसबीची वायर कम्प्युटरला लावली की पडद्यावर आकडे यायचे. पण विभागप्रमुख नीळकंठ सरांनी आकड्यांकडं ढुंकूनही पाह्यलं नाही.

"क्रिस्टल कुठं आहे? चिपले ठोका देणारंच कोणी नाही, तर हे चालून कसं राह्यलं?"

"सर, नवीन चिप आहे. ठोका देणारं घड्याळ तिच्या आतच असते. व्होल्टेजही आतच उतरते, बाहेरून काही लावा लागत नाही."

"मले शिकवू नको. क्रिस्टल बाहेरच असते. बसवून आण, नाहीतर नापास."

सरांनी नोकरी लागली तेव्हा जे पुस्तक मिटलं होतं, ते अजून उघडलं नव्हतं.

केतकीनं भंगारातल्या माउसमधलं क्रिस्टल उपटलं अन् फेविक्विकनं बोर्डावर चिकटवलं. वायर एकही जोडली नाही. सरांनी चष्मा पुसून ते निरखलं. "आता कसं बरोबर चालून राह्यलं," म्हणत पैकीच्या पैकी मार्क दिले. आर्णीच्या एसटीत केतकी घरापर्यंत एकटीच हसत गेली.

पुढं सर प्राचार्य झाले अन् केतकी त्याच कॉलेजात मॅडम. परवा परीक्षेच्या आधी गुंजन नावाच्या पोरीनं तिच्यापुढं बोर्ड ठेवला.

"मॅडम, याच्यात घड्याळ आतच आहे. क्रिस्टल लागतच नाही."

"मले माहीत आहे," केतकी म्हणाली.



अन् ड्रॉवरमधलं फेविक्विक तिनं गुंजनपुढं सरकवलं.